पृथ्वी जोखायची कशी? एक जोडी, एक चेंडू आणि एक गिरकी

2025 च्या जुलैत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक बातमी येऊन पडली: पृथ्वी नेहमीपेक्षा वेगात फिरतेय, आजचा दिवस वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांपैकी एक. त्यावर "मग आज ऑफिस किती वाजता सुटणार?" वगैरे जे व्हायचं ते झालं. पण आमच्या गटात एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. सरांनी गटातले जुने मेसेज उकरून आणखी दोन बातम्या काढल्या. एकीत म्हटलं होतं, ध्रुवांकडचा बर्फ वितळल्यामुळे पृथ्वी मंदावतेय. दुसरीत, माणसाने जमिनीखालचं पाणी उपसल्यामुळे पृथ्वीचा आस सरकला. तिन्ही बातम्या एकाखाली एक डकवून सरांनी विचारलं, "वेग घेतेय की मंदावतेय, एकदा काय ते ठरवा. आणि हे मोजलं कुणी, कशाने?"

तिन्ही बातम्या खऱ्या आहेत. सरांचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, म्हणून आधी तो घेऊ.

या सगळ्याच्या मागे एकच हिशेब आहे: पृथ्वीवरचं वजन कुठून उठलं आणि कुठे जाऊन बसलं. एकूण वजनात फरक पडत नाही. पंजाबात उपसलेलं पाणी पिकातून, हवेतून, नद्यांतून फिरत शेवटी बहुतांशी समुद्रात जातं. ग्रीनलंडचा बर्फही वितळून तिथेच जातो. खातेवही तीच, रक्कम एका पानावरून दुसऱ्या पानावर. ही उलाढाल जोखायला माणसाकडे तीन काटे आहेत. एक, आकाशातून एकामागोमाग धावणारी उपग्रहांची जोडी. दोन, आरशांनी मढवलेला एक चेंडू. आणि तीन, खुद्द पृथ्वीची गिरकी. तिन्हींत खोट आहे, पण प्रत्येकाची खोट वेगळी. म्हणून त्यांचे आकडे जुळले की विश्वास बसतो.

9.8 या आकड्याचं खरं-खोटं

शाळेत आपण गुरुत्वत्वरण 9.8 असं पाठ केलेलं असतं. प्रत्यक्षात ते विषुववृत्तावर 9.78 आणि ध्रुवावर 9.83 च्या आसपास भरतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तिचं पोट थोडं सुटलेलं आहे: केंद्रापासून विषुववृत्त ध्रुवापेक्षा सुमारे 21 किलोमीटर जास्त लांब. त्यामुळे विषुववृत्तावर स्प्रिंगच्या काट्यावर 60 किलो भरणारा माणूस ध्रुवावर त्याच काट्यावर साधारण 300 ग्रॅम जास्त भरेल. (दोन पारड्यांच्या तराजूवर हा फरक दिसणार नाही. माणसाबरोबर मापंही तेवढीच जड होतात. सोनं तिकडे नेऊन विकण्यात काही अर्थ नाही.)

याखेरीज डोंगर, जड-हलके खडक, पृथ्वीच्या पोटातले गरम-थंड पट्टे यांमुळे गुरुत्व जागोजागी किंचित कमी-जास्त असतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ते इतकं कमी आहे की तिथला समुद्राचा पृष्ठभाग, सगळीकडे सारखं गुरुत्व धरलं तर जिथे असायला हवा, त्याहून सुमारे 106 मीटर खाली आहे. पण हे फरक लाखो वर्षं जागच्या जागी असतात. आपल्याला हवा आहे तो दर महिन्याला होणारा बदल.

महिन्या-दोन महिन्यांत डोंगर हलत नाहीत. हलतं ते पाणी, बर्फ आणि हवा. आणि त्याचा परिणाम किती? एखाद्या विस्तीर्ण पठारावर एक सेंटीमीटर जाडीचा पाण्याचा थर पसरला, तर तिथलं गुरुत्व वाढेल सुमारे 230 कोटींत एक भाग. एवढं बारीक मोजायचं, तेही 500 किलोमीटर उंचीवरून. "थापा मारू नका" असं कुणी म्हटलं तर त्याला मी दोष देणार नाही.

पहिला काटा: टॉम आणि जेरी

17 मार्च 2002 ला रशियातल्या प्लेसेत्स्कहून दोन जुळे उपग्रह एकाच रॉकेटवर वर गेले. मोहीम अमेरिकेच्या नासाची आणि जर्मनीच्या अवकाश संस्थेची, नाव ग्रेस. उपग्रहांना टोपणनावं मिळाली टॉम आणि जेरी, कारण एक पुढे आणि दुसरा त्याच्या मागे, सुमारे 220 किलोमीटर अंतर ठेवून. दोन्ही ध्रुवांवरून जाणारी कक्षा, दीड तासात एक फेरी.

दोन कशाला? एक पुरला नसता का? नसता, आणि कारण मजेशीर आहे. कक्षेतला उपग्रह सतत पडतच असतो, फक्त पृथ्वीला चुकवत पडतो. दोर तुटलेल्या लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभं राहिलात तर काटा शून्य दाखवेल, तशीच उपग्रहाच्या पोटात ठेवलेल्या काट्याची गत. स्वतः पडणाऱ्याला आपण किती जोराने ओढले जातोय हे आतून कळत नाही. पण शेजारी आणखी एक पडत असेल तर दोघांत फरक कळतो.

दोन सायकलस्वार डोळ्यांसमोर आणा. सपाट रस्त्यावर, पायडल न मारता, वीस पावलांचं अंतर ठेवून सारख्या वेगाने चालले आहेत. वाटेत एक मोठा खोलगट भाग येतो. पुढचा उतारावर आधी पोचतो, त्याचा वेग वाढतो, अंतर वाढतं. मग मागचाही उताराला लागतो. तोवर पुढच्याचा चढ सुरू झालेला असतो, अंतर घटतं. तुम्ही दूर उभे राहून फक्त दोघांमधलं अंतर टिपत राहिलात तरी रस्त्याला खळगा कुठे आहे आणि किती खोल आहे हे सांगता येईल. रस्ता बघायची गरजच नाही. उपग्रहांसाठी हा खळगा म्हणजे खालचं जास्तीचं वजन: हिमनदी, पुराच्या पाण्याने फुगलेलं खोरं, तुडुंब भरलेली जमीन.

अंतर मोजायला दोघे एकमेकांकडे सूक्ष्मलहरी सोडतात. 220 किलोमीटरांतला फरक काही मायक्रॉनांपर्यंत पकडला जातो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. एवढ्या उंचीवरही विरळ हवा असते, सूर्यप्रकाशाचाही सूक्ष्म रेटा बसतो, आणि हे धक्के गुरुत्वाच्या नावावर जाता कामा नयेत. म्हणून प्रत्येक उपग्रहाच्या बरोबर मध्यबिंदूपाशी एक वेगळं उपकरण फक्त हे परके धक्के मोजून वजा करायला बसवलं. महिनाभर फेऱ्या मारल्या की सगळ्या पृथ्वीवर वाटांची जाळी विणली जाते आणि एक नकाशा तयार होतो. पुढच्या महिन्यात दुसरा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे बदल.

पहिल्या जोडीच्या बॅटऱ्या थकल्या आणि 2017 मध्ये काम थांबलं. 22 मे 2018 ला दुसरी जोडी गेली, तिच्यात सूक्ष्मलहरींच्या जोडीला लेसरही आहे. मधलं जवळपास वर्षभर या काट्याची नोंद कोरी आहे. ही कोरी जागा लक्षात ठेवा.

एक गैरसमज इथेच दूर करू. या उपग्रहांवर पाणी बघणारा कॅमेरा नाही, जमीन न्याहाळणारं रडारही नाही. जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार उपग्रह वेगळा: तो रडारने जमीन किती खचली, किती उचलली हे बघतो. ग्रेसला जमीन दिसतच नाही. तो फक्त वजन करतो.

उसाची ट्रॉली आणि पंजाबचं पाणी

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची ट्रॉली आली की आधी भरल्या गाडीचं वजन होतं. ऊस उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. फरक तो ऊस. काट्याला ऊस कळत नाही, लोखंड कळत नाही, एकूण भार कळतो.

ग्रेसचंही तसंच. महाराष्ट्राच्या आकाराच्या तुकड्यावर या महिन्यात अमुक इतकं वजन वाढलं, एवढंच तो सांगतो. ते जमिनीतल्या ओलीचं, धरणांचं, बर्फाचं की खोल भूजलाचं, हे त्याला कळत नाही. मग रिकाम्या गाडीचं वजन काढावं लागतं: ओलीचा अंदाज, जलाशयांची पातळी, बर्फाचा थर वजा करायचा आणि जे उरेल ते भूजल.

2009 साली नासाचे मॅथ्यू रॉडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच वजाबाकी राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या पट्ट्यासाठी करून 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापली. ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात तिथून सुमारे 109 घन किलोमीटर भूजल कायमचं गेलं होतं. पाऊस त्या वर्षांत साधारण सरासरीइतका होता, म्हणजे दुष्काळावर बोट ठेवायला जागा नाही. पाणी गेलं ते भात-गव्हाच्या सिंचनाला.

109 घन किलोमीटर म्हणजे किती, हे आपल्याकडच्या मापाने बघू. सुमारे 3,850 टीएमसी. कोयना धरणाची क्षमता 105 टीएमसी. काठोकाठ भरलेली अशी जवळपास 37 कोयना धरणं सहा वर्षांत जमिनीखालून उपसली गेली. आणि ही गोष्ट विहिरीत दोरी न सोडता, केवळ दोन उपग्रहांमधलं अंतर केसाच्या अंशाने हललं त्यावरून कळली. मला या सगळ्या विषयातली सर्वांत थरारक बाब हीच वाटते. पाकिस्तानातल्या, इराणातल्या, कुठल्याही देशातल्या पाण्याचा हिशेब आता त्या देशाने आकडे दिले नाहीत तरी लागू शकतो. विहिरींच्या नोंदी दडवता येतात. वजन दडवता येत नाही.

दुसरा काटा: आरशांचा चेंडू

आता पहिल्या काट्याची खोट. ग्रेसची जोडी रस्त्यातले खळगे उत्तम टिपते, पण एक साधा दिसणारा आकडा तिला नीट जमत नाही: पृथ्वीचं पोट एकंदर किती सुटलंय, म्हणजे चपटेपणा. जवळजवळ धावणाऱ्या दोघांना हा अख्ख्या पृथ्वीभर पसरलेला संथ उतार जवळपास सारखाच जाणवतो, आणि भरती-ओहोटीच्या गणितातल्या चुका, उपकरणांच्या तापण्या-निवण्याने येणारे दोष नेमके याच आकड्यात येऊन मिसळतात. त्यामुळे शास्त्रज्ञ दर महिन्याच्या नकाशातून ग्रेसने दिलेला हा आकडा सरळ खोडतात आणि तिथे दुसऱ्या काट्याने दिलेला घालतात.

हा दुसरा काटा म्हणजे 1976 मध्ये सोडलेला लॅजिओस. 60 सेंटीमीटर व्यासाचा, 400 किलोंहून जड असा धातूचा गोळा, अंगावर 426 परावर्तक. आत बॅटरी नाही, तार नाही, रेडिओ नाही. सुमारे 5,900 किलोमीटर उंचीवरून तो फिरतो. जमिनीवरून त्याच्यावर लेसरचा झोत मारायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, बस्स. एवढ्या उंचीवर हवेचा अडसर जवळपास नाही, त्यामुळे तो लाखो वर्षं वर राहणार आहे. (म्हणून त्याच्या आत कार्ल सेगन यांनी तयार केलेली एक पट्टी ठेवली आहे: खंड पूर्वी कुठे होते, आज कुठे आहेत आणि गोळा परत येईल तेव्हा कुठे असतील यांचे नकाशे. सापडेल त्याने वाचावी.)

चेंडूवरून चपटेपणा कसा कळतो? पृथ्वीचं सुटलेलं पोट उपग्रहाला किंचित बाजूला ओढतं आणि त्याच्या कक्षेची अख्खी चकती हळूहळू वळत राहते, कलता भोवरा फिरता फिरता आपला कल गोल फिरवतो तशी. पोट जितकं मोठं तितकी चकती वेगाने वळते. इस्रोचे दूरसंवेदन उपग्रह एखाद्या गावावरून दर वेळी साधारण त्याच घड्याळी वेळेला जातात, तेही याच वळणाचा फायदा घेऊन. चकती किती वळली हे वर्षानुवर्षं मोजलं की पोट वाढतंय की आत जातंय हे कळतं.

1983 मध्ये लॅजिओसच्या नोंदींतून निष्कर्ष निघाला की पृथ्वी किंचित गोल होत चालली आहे, पोट आत जातंय. कारण जुनं होतं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी कॅनडा आणि उत्तर युरोपवर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता, त्याच्या ओझ्याने जमीन दबली होती. बर्फ गेला, तरी जमीन अजून वर येतेच आहे. गादीवरून उठलं की खोलगा हळूहळू भरतो, फक्त ही गादी हजारो वर्षं घेते.

इथे तिसऱ्या काट्याची पहिली ओळख होते, आणि ती बॅबिलोनमधून होते. इसवी सनापूर्वी 136 मध्ये, एप्रिलच्या 15 तारखेला, बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसलं आणि तिथल्या लोकांनी ते मातीच्या पाट्यांवर नोंदवून ठेवलं. पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगाने फिरत असती, तर गणिताप्रमाणे ते ग्रहण बॅबिलोनला दिसायलाच नको होतं. सावली जवळपास 49 अंश पश्चिमेला पडली असती. म्हणजे मधल्या काळात पृथ्वीचं घड्याळ सव्वातीन तासांनी चुकलं. चंद्रामुळे येणारी भरती-ओहोटी पृथ्वीला ब्रेक लावते, तिच्या हिशेबाने दिवस दर शतकाला सुमारे 2.3 मिलिसेकंदांनी लांबायला हवा. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) जुन्या ग्रहणांवरून मात्र तो सुमारे 1.8 नेच लांबलेला दिसतो. मधला अर्धा मिलिसेकंद कुणीतरी पृथ्वीला उलट वेग देऊन भरून काढला. कुणी? पोट आत जाण्याने (त्याने वेग कसा वाढतो ते पुढे फुगडीत बघू), म्हणजे त्याच उसळणाऱ्या जमिनीने. मातीच्या पाट्या आणि लेसरचा चेंडू, दोघांनी एकमेकांना न विचारता जवळपास एकच उत्तर दिलं.

हे सगळं नीट बसलं म्हणेपर्यंत 1998 च्या सुमारास चपटेपणाचा आलेख उलटा फिरला. पोट पुन्हा सुटू लागलं. 2002 मध्ये हे 'सायन्स'मध्ये छापून आलं तेव्हा नेमकं कारण सापडत नव्हतं. महासागरांपासून हिमनद्यांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला गेला. पुढे पहिल्या काट्याची, म्हणजे ग्रेसची, काही वर्षांची नोंद हाती आली तेव्हा 2011 मध्ये खुलासा झाला: ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका इतका बर्फ गमावू लागले होते की ध्रुवांजवळचं ते वजन समुद्रातून सगळीकडे, विषुववृत्ताकडेही पसरत होतं. ग्रीनलंड वर्षाला सुमारे 270 गिगाटन गमावतं. एक गिगाटन म्हणजे एक घन किलोमीटर पाणी. अंटार्क्टिका त्याच्या साधारण निम्मं. चेंडूने बदल दाखवला, जोडीने जागा दाखवली. एकट्याने कुणालाच हे जमलं नसतं.

आणि ती 2017-18 मधली कोरी जागा? जोडी नव्हती तेव्हाही चेंडू फिरतच होता. बॅटरी नसण्याचा असाही फायदा.

तिसरा काटा: फुगडी

मंगळागौरीच्या फुगडीत दोघी हात ताणून, मागे रेलून फिरतात. हात आखडून जवळ आल्या की जास्त जोर न लावताही वेग वाढतो. लांब गेल्या की कमी होतो. पृथ्वीचंही तेच. वजन आसाजवळ आलं की दिवस लहान, आसापासून दूर गेलं की दिवस मोठा. ध्रुव आसावरच आहेत, विषुववृत्त सर्वांत लांब. म्हणून बर्फ वितळून पाणी समुद्रभर पसरलं की पृथ्वी मंदावते.

हे मोजायला आकाशातल्या अतिदूरच्या दीर्घिकांची मदत घेतात. त्या इतक्या लांब आहेत की जागच्या जागी खिळल्यासारख्या असतात. वेगवेगळ्या खंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी एकाच स्रोताकडे कान लावतात. लहर कुणाकडे किती आधी पोचली यावरून पृथ्वी किती वळली आणि आस कुठे आहे हे कळतं. ध्रुवाची जागा अशी सेंटीमीटरच्या आत सापडते.

ध्रुव तसाही स्थिर नाही. 1891 मध्ये सेथ चँडलर या अमेरिकी माणसाने दाखवलं की तो सुमारे 14 महिन्यांत काही मीटरांचा फेरा मारतो. चँडलर पोटापाण्यासाठी विम्याचे हिशेब करायचा. पट्टीचे खगोलज्ञ हा डुगडुगाट शोधत होते, पण पृथ्वी पूर्ण कडक गोळा मानून काढलेल्या 305 दिवसांच्या आवर्तनात. पृथ्वी थोडी लवचिक आहे, समुद्र हलतात, म्हणून आवर्तन लांबतं; चँडलरने सिद्धांत बाजूला ठेवून आकडे काय म्हणतात ते बघितलं.

या डुगडुगाटाच्या मध्याला स्वतःची एक संथ वाटचालही आहे, आणि ती वजनाच्या नव्या वाटपावर अवलंबून असते. पंख्याच्या एका पात्याला पीठ चिकटलं की पंखा डुलतो ना, तसं. वजन थेट ध्रुवावर किंवा थेट विषुववृत्तावर बदललं तर आस फारसा कलत नाही. सर्वाधिक कल मधल्या अक्षांशांवरच्या बदलाने येतो. पंजाब साधारण 30 अंशांवर आहे.

आता सरांची तिसरी बातमी. 2023 मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे की-वॉन सिओ आणि सहकाऱ्यांनी 1993 ते 2010 चा ध्रुवाचा प्रवास घेतला. आधी फक्त वितळणारा बर्फ आणि नव्या धरणांचं पाणी धरून गणित केलं, ते प्रत्यक्षाशी जुळेना. मग उपसलेलं भूजल धरलं, सगळं मिळून 2,150 गिगाटन. तेव्हा जुळलं. भूजल उपशाने ध्रुव पूर्वेच्या बाजूला सुमारे 80 सेंटीमीटर सरकला होता, आणि त्यात मोठा वाटा होता पश्चिम उत्तर अमेरिकेचा आणि वायव्य भारताचा. आपल्या पंपांचा ठसा पृथ्वीच्या आसावर उमटला आहे. त्याने ऋतू वगैरे बदलत नाहीत हेही लगेच सांगतो. चँडलरचा फेराच काही मीटरांचा आहे, 80 सेंटीमीटरांनी कुणाचा पाऊस चुकत नाही. महत्त्व ऋतूंचं नाही, हिशेबाचं आहे: उपशाचा एक आकडा, जो आधी केवळ अंदाज होता, त्याला स्वतंत्र साक्षीदार मिळाला.

या काट्याचीही खोट सांगायला हवी. दिवसाच्या लांबीतल्या वर्षभरातल्या बदलांत सर्वांत मोठा हात वाऱ्याचा असतो. वारे आणि समुद्रप्रवाह पृथ्वीला सतत ढकलत-ओढत असतात. त्यांचा वाटा हवामानाच्या नोंदींवरून काढून टाकल्याशिवाय वजनाचा वाटा दिसत नाही. भर बाजारात कुणाची कुजबुज ऐकण्यासारखं आहे ते.

मग वेग घेतेय की मंदावतेय?

दोन्ही. विरोधाभास वाटतो तो अशामुळे की बातम्या एकाच गोष्टीबद्दल आहेत असं आपण समजतो.

5 जुलै 2024 चा दिवस 24 तासांपेक्षा 1.66 मिलिसेकंदांनी लहान होता. जुलै-ऑगस्टच्या सुमाराला असे दिवस येतात, कारण उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे ढिले पडतात. हवेने सोडलेला वेग जमिनीला मिळतो. त्यातच चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला सर्वांत दूर असला की त्याची ओढ पृथ्वीचं पोट थोडं आत घेते आणि आणखी काही अंश वेग वाढतो. या झाल्या दिवसा-महिन्यांच्या लाटा.

त्याखाली दशकांची लाट आहे. पृथ्वीच्या गाभ्याभोवतीचा वितळलेल्या लोखंडाचा थर आणि वरचं कवच एकमेकांना वेग देत-घेत असतात. 1972 मध्ये दिवस 24 तासांपेक्षा सुमारे 3 मिलिसेकंद मोठा होता, तो हळूहळू त्या रेषेवर आला आणि 2020 पासून बऱ्याचदा खाली जातो. गाभा मंदावतोय, कवच वेग घेतंय.

आणि सर्वांत खाली शतकांचा कल: चंद्राचा ब्रेक, आणि आता बर्फाचाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार वितळत्या बर्फामुळे आणि पाण्याच्या हालचालींमुळे 2000 सालापासून दिवस दर शतकाला 1.33 मिलिसेकंद या गतीने लांबतोय; विसाव्या शतकात ही गती 0.3 ते 1.0 च्या दरम्यान होती. महागाईत कांदा एखाद्या आठवड्यात स्वस्त होतो, तसं हे. आठवड्याचा भाव आणि दहा वर्षांचा कल, दोन्ही खरे.

घड्याळवाल्यांना मात्र या बेरीज-वजाबाकीचा खरोखरचा त्रास आहे. अणुघड्याळांची वेळ पृथ्वीच्या गिरकीशी जुळती ठेवायला 1972 पासून जागतिक वेळेत 27 वेळा एकेक सेकंद वाढवला गेला, शेवटचा 2016 च्या 31 डिसेंबरला. भारतीय घड्याळाने 1 जानेवारी 2017 ला पहाटे 5 वाजून 29 मिनिटं 60 सेकंद अशी वेळ आली होती. आता पृथ्वी पुढे धावत असल्याने एक सेकंद काढून टाकायची वेळ येऊ शकते, जे आजवर कधीच झालेलं नाही, आणि संगणकांना ते पचेल का याची धास्ती आहे. 2024 मध्ये 'नेचर'मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ डंकन अ‍ॅग्न्यू यांनी ग्रेसचे आकडे धरून दाखवलं की बर्फ वितळला नसता तर हे 2026 पर्यंत करावं लागलं असतं. वितळल्यामुळे ते 2029 पर्यंत लांबलं. 2035 पर्यंत ही सेकंदांची ठिगळं लावणं थांबवायचं, असं जागतिक मापन परिषदेने 2022 मध्ये ठरवलं आहे.

"चीनच्या धरणाने पृथ्वी थांबवली"

हा मेसेज तुम्हालाही आला असेल. थ्री गॉर्जेस धरणात सुमारे 40 घन किलोमीटर पाणी मावतं, आणि ते समुद्रसपाटीपासून 175 मीटर उंचीपर्यंत चढतं. वजन आसापासून लांब गेलं, म्हणजे फुगडी मंदावणार, हे तत्त्व बरोबर आहे. नासाचे बेंजामिन चाओ यांनी हिशेब केला होता: दिवस 0.06 मायक्रोसेकंदाने लांबेल. मायक्रोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचाही हजारावा भाग. 5 जुलै 2024 च्या 1.66 मिलिसेकंदांची बरोबरी करायला अशी सुमारे 28 हजार धरणं लागतील. एवढा सूक्ष्म फरक वाऱ्याच्या गोंधळात प्रत्यक्ष मोजताही येत नाही, तो कागदावरच आहे. 2004 च्या सुमात्रा भूकंपाने दिवस काही मायक्रोसेकंदांनी लहान झाला, तोही असाच गणिताने काढलेला आकडा. त्या भूकंपाने गुरुत्वात केलेला बदल मात्र ग्रेसच्या नकाशात स्पष्ट उमटला.

माझ्या विहिरीचं काय?

हा प्रश्न सरांचा नाही, माझ्या मामांचा. त्यांची शेती मराठवाड्यात. आकाशातून पाणी जोखता येतं म्हटल्यावर त्यांनी साहजिकच विचारलं, "मग बोअर कुठं मारू तेवढं विचार की त्यांना."

नाही सांगता येत. ग्रेसचा एक ठिपका साधारण 300 किलोमीटर रुंद असतो. पुणे ते छत्रपती संभाजीनगर आणि वर आणखी थोडं, एवढा सगळा मुलूख त्याला एकच वजन म्हणून दिसतो. गंगा-सिंधूच्या गाळात पाणी सलग, खोल आणि भरपूर आहे, तिथे मोठं वजन उठलं की काटा हलतो. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं. एका वावरात लागतं, बांधापलीकडे लागत नाही. शिवाय पावसाळ्यात खडक भरतो आणि मेपर्यंत रिकामा होतो, त्यामुळे आकाशातून दिसते ती मुख्यतः वर्षाची चढउतार.

मामांना मी सांगितलं की तुमच्या शिवाराचा अंदाज भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींवरूनच मिळेल, तिथे अजूनही माणूस जातो आणि विहिरीत टेप सोडून पाण्याची पातळी बघतो. ते म्हणाले, "टेप तर माझ्याकडं पण आहे."